पुरानंतर हातात १४ लाख रुपये आहेत, ते गावाला कसे द्यावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर मराठवाड्यातल्या पूरग्रस्तांसाठी पैसे गोळा केले. किराणा, चादरी, शाळेचे साहित्य वाटून झाले आणि आता १४ लाख रुपये शिल्लक आहेत. अमेरिकेतले काही वर्गमित्र आणखी भर घालायला तयार आहेत. परांडा तालुक्यातले सीनाकाठचे एक गाव 'दत्तक' घ्यावे असे गटात चालले आहे. कोणाला घरे बांधायची आहेत, कोणाला खरडून गेलेल्या शेतांत माती टाकून द्यायची आहे. ज्या संस्थेशी बोलणे झाले तिने अंदाजपत्रकात जवळजवळ तिसरा हिस्सा कार्यकर्त्यांच्या मानधनाला दाखवला, त्यामुळे बरेच जण बिचकले आहेत. प्रश्नकर्त्यांना जाणून घ्यायचे आहे की संस्था वर्षानुवर्षांचे पुनर्वसन कशाच्या बळावर करतात आणि त्यांचा पैसा कुठे लावला तर त्याचे चीज होईल.

किल्लारीच्या भूकंपानंतर मी या कामात आले आणि लातूर-धाराशिवमध्येच राहिले. गावपातळीवर बायकांचे गट, घरदुरुस्ती, पाणी आणि शेती हेच माझे काम. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते मराठवाड्यातल्या पुराला आणि भूकंपाला लागू पडते. कोकणात किंवा सह्याद्रीत दरड कोसळते तेव्हा मुख्य प्रश्न सुरक्षित जागेचा असतो आणि तिथे संस्थेच्या हातात फार कमी असते. पुणे जिल्ह्यातले माळीण ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गाडले गेले आणि वाचलेल्यांना कायमची घरे मिळायला २०१७ उजाडले. जागा शोधणे, ती ताब्यात घेणे, तिची भूगर्भीय तपासणी ही कामे शासनाचीच आहेत. ती लवकर व्हावीत म्हणून संस्था पाठपुरावा करू शकते, पैसे ओतून वेळ कमी करू शकत नाही.

तुमच्या गटातल्या भांडणाचे मूळ मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. घर की माती, हा वाद तुम्ही १४ लाख हा मोठा आकडा समजून घालताय. गोळा करणाऱ्याला तो मोठा वाटणारच, पण गावाच्या नुकसानीपुढे ठेवून बघा.

मातीचेच घ्या. एका एकरात ४३,५६० चौरस फूट. अर्धा फूट जाडीचा थर टाकायचा तर २१,७८० घनफूट, म्हणजे जवळपास २१८ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती लागते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसते. खोदाई, भराई, वाहतूक, पसरणे सगळे मिळून ब्रासला ५०० रुपये धरले, तरी एकरी लाखाच्या वर जाते. भाव अंतरावर आणि डिझेलवर ठरतो, तो कमीजास्त होईल. पण या हिशेबाने तुमच्या १४ लाखांत १२-१३ एकर होतील. सीनेच्या काठावर एकेका गावात खरडलेली जमीन याच्या कितीतरी पट असते. मग कोणाच्या शेतात माती टाकायची आणि कोणाच्या नाही, हे तुम्ही पुण्यात बसून ठरवणार का?

घरांचेही तसेच. पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला शासनाच्या निकषाप्रमाणे सपाट भागात १,२०,००० रुपये मिळतात. पावणेतीनशे चौरस फुटांच्या साध्या घरालाही आज याहून कितीतरी जास्त लागतात. १४ लाखांत चार घरे उभी राहतील, फार तर पाच. चार घरांच्या उद्घाटनाचा कार्यक्रम छान होतो, पण गावातली पडलेली बाकीची घरे तिथेच असतात आणि त्यांच्या मालकांना आपण का वगळले गेलो हे कोणी सांगत नाही.

आता दुसरी बाजू बघा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्र ७५ टक्के आणि राज्य २५ टक्के घालते आणि कशाला किती हे निकषांत लिहिलेले असते. जिरायत पिकाला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००. दुभत्या मोठ्या जनावराला ३७,५००, ओढकाम करणाऱ्याला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,०००. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,०००. ऑक्टोबर २०२५ च्या राज्याच्या पॅकेजमध्ये या ४७,००० शिवाय रोजगार हमी योजनेतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतची कामे जाहीर झाली. या रकमा नुकसानीच्या मानाने अपुऱ्या आहेत, ते मी रोज बघते. तरीही एका गावाच्या वाट्याला येणारा हा पैसा कोणत्याही संस्थेच्या देणगीपेक्षा फार मोठा असतो. तो गावापर्यंत पूर्ण पोचला की नाही, यावर गावाचे उभे राहणे सर्वांत जास्त अवलंबून असते.

आणि तो पूर्ण पोचत नाही. चोरी हे त्याचे एक कारण असेलही, पण बहुतेक वेळा तो कागदात अडकतो. सातबारावर अजून सासऱ्याचे नाव आहे, वारसनोंद झालेली नाही, नवरा गेलेली बाई शेत कसते पण यादीत तिचे नाव नाही. सामाईक खात्यातला एक भाऊ भोसरीला कंपनीत आहे, त्याचे संमतिपत्र नाही, म्हणून तिघांचे पैसे थांबले. बँक खाते आधारला जोडलेले नाही, ई-केवायसी करायला सेवा केंद्रात गेले तर म्हाताऱ्या माणसाच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. जनावर वाहून गेले, मग पंचनामा कशाचा करायचा, असे तलाठी विचारतो. घर गायरानावर आहे, म्हणून ते अधिकृत बांधकामात धरत नाहीत. बटाईने शेत करणाऱ्याचे तर कुठेच नाव नसते. बियाणे त्याचे, खत त्याचे, उधारी त्याच्या डोक्यावर, आणि भरपाई सातबाराच्या मालकाच्या खात्यावर.

ही गाठ सोडवायला गावात एक माणूस लागतो. आठवड्यातून एकदा गाडीतून येणारा नको, गावातला किंवा शेजारच्या गावातला हवा. तो याद्या वाचेल, कोणाचे नाव सुटले ते शोधेल, तहसीलला हेलपाटे घालेल, आणि सहा महिन्यांनी अर्ज परत आला की पुन्हा दाखल करेल. त्याला महिन्याला १८,००० रुपये मानधन दिले, तर दोन वर्षांचे ४,३२,००० होतात. पेट्रोल, फोन, झेरॉक्स धरून ५ लाख. आता समजा गावात ३०० कुटुंबे आहेत आणि ५० जणांची मदत अशी अडकून पडली आहे. सरासरी ४०,००० धरले तर ते २० लाख रुपये झाले. अंदाजपत्रकातल्या ज्या हिश्शाला तुम्ही बिचकलात, तो हाच माणूस आहे. त्याला वरखर्च म्हणणे मला पटत नाही. काम करणारा तोच आहे.

हे आमच्या भागाला नवीन नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, सुमारे ८,००० माणसे गेली. पुढचे पुनर्वसन दोन तऱ्हांनी झाले. सर्वांत जास्त हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्यातली बरीच बाहेरच्या देणगीदारांनी आणि संस्थांनी बांधून दिली. शेती किती त्यावर घर ठरले: २५०, ४५० किंवा ७५० चौरस फूट. रस्ते रुंद, आखणी शहरातल्या वसाहतीसारखी. घरे मजबूत आहेत आणि ज्यांनी ती बांधली त्यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण कडबा कुठे ठेवायचा, जनावरे कुठे बांधायची, मुलगा वेगळा निघाला तर त्याचे दार कुठल्या बाजूला काढायचे, हे बांधताना कोणी विचारले नाही. लोकांनी ते नंतर स्वतःच्या पैशांनी पत्रे टाकून, भिंती काढून जमवले.

दुसरी तऱ्हा कमी बोलली जाते. जी घरे तडकली पण उभी होती, अशी दीड लाखाहून जास्त घरे जागतिक बँकेच्या कर्जावरच्या शासकीय कार्यक्रमात दुरुस्त आणि मजबूत करायची होती. पैसे घरमालकाला हप्त्याने मिळणार, काम त्यानेच करून घ्यायचे. पण भिंतीचा दगड आणि वरचे माळवदच आपल्या माणसांचा जीव घेऊन गेले, हे डोळ्यांनी पाहिलेली माणसे त्याच घराच्या दुरुस्तीवर विश्वास कसा ठेवतील? शासनाने तेव्हा स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेला सोबत घेतले आणि गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' नेमले. पैसे कसे मिळतात, कोनाड्यात आणि कोपऱ्यात काय भरायचे, कुठे सळई हवी, हे त्या घरोघर जाऊन समजावत. संस्थेने तिथे विटा पुरवल्या नाहीत. तिने माणसे घडवली आणि शासनाचा पैसा मार्गी लागला. २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरले, तेव्हा आमच्याकडच्या याच बायका तिकडे जाऊन तिथल्या बायकांशी बोलल्या. कच्छमध्येही घरमालकाच्या खात्यात हप्ते जमा करून त्याच्याच देखरेखीखाली घर बांधण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. कच्छ नवनिर्माण अभियानाने गावांच्या समूहासाठी 'सेतू' केंद्रे काढली होती, तिथे लोकांना माहिती मिळायची आणि त्यांच्या तक्रारी वर पोचायच्या.

उलटे उदाहरणही सांगते, कारण तुमच्या गटाला तोच धोका आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देणग्यांचा लोंढा आला आणि अनेकांनी बोटी दिल्या. बोट देणे सोपे असते. ती मोजता येते, तिच्यावर नाव रंगवता येते, तिचा फोटो छान येतो. बोटी त्सुनामीपूर्वीच्या संख्येपेक्षाही जास्त झाल्या, आणि त्याच किनाऱ्यावर शेतमजूर, मासळी वाहणाऱ्या आणि विकणाऱ्या बायका, खारे पाणी शिरलेल्या शेतांवर राबणारी दलित कुटुंबे मागे पडली. त्यांना बोट नको होती. नागपट्टणममध्ये संस्थांनी जिल्हा प्रशासनाबरोबर एक समन्वय केंद्र उभे केले, कोण कुठे काय देतो आहे ते एका जागी दिसावे म्हणून. मराठवाड्यात तुम्हाला एवढे मोठे केंद्र मिळणार नाही. पण तहसील कार्यालयात नायब तहसीलदारांना भेटून तुमच्या गावात आधी कोणी काय दिले आहे ते विचारता येते. ते विचारल्याशिवाय गाव निवडू नका. पक्क्या रस्त्यावरच्या गावात चार संस्था पोचलेल्या असतात आणि आतल्या वस्तीवर एकही नाही, हे आम्ही प्रत्येक आपत्तीत बघतो. 'दत्तक' हा फलक लागला की दुसरे मदत करणारे त्या गावाला वगळतात, म्हणून मी तो शब्दच टाळते.

आता संस्था पैसा कुठून आणतात ते सांगते. लोकांच्या देणग्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत येतात, बातम्या थांबल्या की थांबतात. पुनर्वसनाचा खर्च तर सहाव्या महिन्यापासून तिसऱ्या वर्षापर्यंत होतो. म्हणून अनुभवी संस्था पहिल्या दिवसाच्या आवाहनातच 'मदत आणि पुनर्वसन' असे दोन्ही लिहितात आणि आलेल्या पैशातला मोठा भाग नंतरसाठी बाजूला ठेवतात. आवाहनात फक्त 'किराणा किट' लिहिले असेल, तर तो पैसा नैतिकदृष्ट्या किराण्याचाच असतो. न्यासाला आणखी एक अडचण येते. आयकराची सवलत टिकवायला वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के त्याच वर्षी खर्च करावे लागतात. पुढच्या वर्षासाठी राखायचे असतील तर हेतू लिहून, ठरलेला अर्ज मुदतीत भरून, ५ वर्षांपर्यंत राखता येतात. हे ज्या संस्थेच्या हिशेबनीसाला माहीत नसते ती मार्चमध्ये घाईने खर्च करते. तुमच्या गटाची नोंदणी नाही असे दिसते. असे पैसे गोळा करताना धर्मादाय आयुक्तालयाला कळवावे लागते, गणेशमंडळे कलम ४१-क ची परवानगी घेतात तीच ही. यापुढे गोळा करायचे तर सरळ नोंदणीकृत संस्थेच्या खात्यावर घ्या, म्हणजे देणगीदाराला पावतीही नीट मिळेल.

कंपन्यांचा सीएसआरचा, म्हणजे कायद्याने समाजकार्यावर खर्चायचा, पैसा मोठा आहे. नफ्याचे २ टक्के, तेही मागच्या तीन वर्षांच्या सरासरीने, आणि २०१९ पासून आपत्तीनंतरचे पुनर्वसन आणि पुनर्बांधणी कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलेली आहे. अडचण वेळेची होते. मंजुरी डिसेंबर-जानेवारीत येते आणि ३१ मार्चच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र मागितले जाते. दोन महिन्यांत जे खर्चता येते तेच मग गावात येते, बहुधा शिलाई मशीन. खरे तर नियमांत 'सुरू राहणारा प्रकल्प' अशी सोय आहे. काम सुरू झालेल्या वर्षानंतर तीन आर्थिक वर्षांपर्यंत ते चालवता येते आणि न खर्चलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात टाकता येते. तुमच्यापैकी कोणी कंपनीत वरच्या जागेवर असेल तर त्यांनी हे आपल्या सीएसआर समितीला जरूर सांगावे. ५ टक्क्यांची मर्यादाही कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे. कित्येक अधिकारी ती संस्थेवर लादतात आणि गावातल्या कार्यकर्त्याचे मानधन कापतात.

अमेरिकेतल्या मित्रांबद्दल विशेष काळजी घ्या. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे ते स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देतील तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. ज्यांनी अमेरिकन नागरिकत्व घेतले आहे, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे) कार्ड असले तरी, त्यांचा पैसा परदेशी देणगी होतो. तो फक्त एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी असलेल्या संस्थेलाच, दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यावर घेता येतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थेने तो घेऊन गावातल्या लहान संस्थेला पुढे देणेही बंद झाले. म्हणजे त्या मित्रांना अशी संस्था शोधावी लागेल जिची नोंदणीही आहे आणि गावात माणसेही आहेत. तुमच्या खात्यावर ते पैसे चुकूनही घेऊ नका.

आतापर्यंतचे तीन धागे हातात धरा: सरकारी पैसा सर्वांत मोठा आहे आणि तो सोडवायला माणूस लागतो; देणगी लवकर येते आणि तिची गरज उशिरा लागते; वस्तू वाटली की सगळ्यांत गरजू लोक बहुधा सुटतात. पुढचे सगळे यावरूनच निघते.

काम कधी करायचे हे इथले पीकच ठरवते. रब्बीची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. ती हुकली की बियाण्याच्या पिशवीचा उपयोग उरत नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे कारखान्यांवर निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. त्या काळात बैठक घेतली तर सर्वांत गरीब घरेच गैरहजर असतात. खरडलेल्या जमिनीचे आणि बुजलेल्या विहिरींचे काम फेब्रुवारी ते मे, मृग लागायच्या आत. तलाव आटलेले असतात तेव्हाच गाळ उचलता येतो. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत लहान शेतकऱ्याला तो वाहून न्यायला अनुदानाची सोय आहे. तिथे संस्थेने पूर्ण माती विकत घेण्याऐवजी प्रस्ताव करून द्यावा, मशीनच्या नियोजनात बसावे आणि ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही त्याला वाहतुकीच्या पैशाला मदत करावी. घराचे बांधकामही दिवाळी ते मे. तिथे अभियंत्याची देखरेख, जोत्याची उंची पुराच्या खुणेच्या वर नेण्यासाठी थोडी भर, सिमेंट-सळईची एकत्र खरेदी, एवढ्याने शासनाच्या १,२०,००० चे घर पुढच्या पुरात टिकेल असे होते.

जनावरांबद्दल देणगीदारांचा फार आग्रह असतो, म्हणून थोडे थांबून सांगते. गोठा रिकामा झालेली बाई पाहिली की लगेच गाय द्यावीशी वाटते. तिच्यासाठी तो घरातलाच जीव गेलेला असतो. पण पुरात कडब्याच्या गंजीही वाहून गेलेल्या असतात. ऑक्टोबरात दिलेल्या गायीला चारा विकत आणावा लागतो, दुधाचे पैसे त्यातच जातात आणि डिसेंबरात ती बाजारात विकली जाते. रब्बीची ज्वारी निघून कडबा घरात आला, म्हणजे फेब्रुवारी-मार्च, की मग जनावर घ्यावे. ३७,५०० शासनाचे आले असतील तर वरची भर द्यावी, आणि खरेदी त्या बाईने स्वतः पारखून करावी. तोपर्यंत शेळ्या किंवा कोंबड्या परवडतात. ज्यांना शेतच नाही त्यांना तर शेळीच द्यावी.

दुसऱ्या वर्षी जे दिसते ते पहिल्या महिन्यात दिसत नाही. मायक्रोफायनान्सचे हप्ते पुराने थांबत नाहीत. ते फेडायला बायका शेकडा ३ ते ५ रुपये महिना व्याजाने सावकाराकडून उचलतात. बारावी झालेल्या मुलीचे पुढचे शिक्षण थांबते आणि लग्न ठरते. पिकाला घेतलेले कर्ज थकल्यामुळे बँक नवे देत नाही. या वेळी गावाला नवी वस्तू नको असते, वेळेवर मिळणारी छोटी रक्कम हवी असते. बचत गटांच्या महासंघाकडे फिरता निधी, म्हणजे कर्जाने देऊन परतफेडीतून पुन्हा देता येणारा पैसा, असेल तर ती मिळते. व्याज आणि परतफेडीची मुदत बायकांनीच ठरवायची. पहिल्या कर्जातून कोणीतरी फेडणार नाही हे गृहीत धरूनच निधी उभा करावा, नाहीतर दोन थकबाक्यांवरून गट फुटतो.

आता तुमचे १४ लाख. गाव न बघता लिहिते आहे, त्यामुळे हे प्रमाण बदलेल, पण मी असे मांडेन. ५ लाख दोन वर्षांच्या स्थानिक कार्यकर्त्यासाठी, शक्यतो एखाद्या बाईला नेमून, कारण विधवा आणि एकट्या बायकांच्या घरात ती सहज बसू शकते. ४ लाख शासनाच्या निकषांत न बसणाऱ्या घरांसाठी: बटाईदाराचे बियाणे, गायरानावरच्या घराचे पत्रे, मुलांची फी, ठसे न उमटणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गाडीभाड्यापर्यंत. कोणाला द्यायचे हे गावात उघड बैठकीत यादी वाचून ठरावे. ३ लाख फिरत्या निधीला. २ लाख दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत हात न लावता ठेवायचे. तेव्हा काय लागेल हे आज कोणीच सांगू शकत नाही आणि त्या वेळी नव्याने पैसे मागायला गेलात तर देणारे नसतात. गावात आधीच तगडा महासंघ आणि चांगला कार्यकर्ता असेल तर पहिली रक्कम कमी करून फिरता निधी वाढवा. गाव दुभंगलेले असेल, दोन गटांत बोलणे नसेल, तर फिरता निधी पहिल्या वर्षी काढूच नका.

संस्था निवडताना मोठे नाव पाहू नका. ती पुराच्या आधी या तालुक्यात होती का, तिच्या पगारपत्रकावर या तालुक्यातली माणसे किती, मागच्या आपत्तीतले गाव दाखवायला ती तयार आहे का, आणि तिथल्या माणसांशी तुम्हाला एकटे बोलू देते का, हे विचारा. लेखापरीक्षण अहवाल मागा, चांगली संस्था लगेच देते. तीन वर्षांपूर्वीच्या कामाच्या गावात जाऊन आजची स्थिती पाहणे हीच खरी तपासणी आहे. पहिल्या महिन्याचे फोटो सगळ्यांकडे सारखेच असतात.

देणगीदारांना दर तिमाहीला कळवा, पण मोजदाद बदला. किती किट वाटले याऐवजी किती वारसनोंदी झाल्या, किती थांबलेली अनुदाने खात्यात आली, किती एकर पुन्हा पेरले गेले, किती मुली कॉलेजात टिकल्या, हे लिहा. सुरुवातीला आकडे लहान दिसतील. वर्षभराने तेच आकडे लोकांना पटतात.

पैसे वळते करण्याआधी याच आठवड्यात तुमचे मूळ आवाहन काढून वाचा. त्यात पुनर्वसनाचा उल्लेख नसेल तर सगळ्या देणगीदारांना एक साधा संदेश पाठवा: रक्कम दोन वर्षांत खर्च होईल, एक भाग स्थानिक कार्यकर्त्याच्या मानधनाला जाईल, हरकत असेल तर १५ दिवसांत कळवा, तुमचा वाटा परत करू. मग संस्थेचे अंदाजपत्रक पुन्हा उघडा. मानधन कमी करा असे म्हणू नका. तिसऱ्या वर्षी हा कार्यकर्ता कोणाच्या पैशांवर उभा राहील, एवढे विचारा. संस्थेकडे उत्तर नसेल तर तुमच्यापैकी ३६ जणांनी महिन्याला ५०० रुपये दिले की १८,००० होतात.